सिलिंडर परवडत नाही तेव्हा: अनुदान, वजन आणि शेगडी यांचा किलोकिलोचा हिशेब

महिन्याला बारा-तेरा हजारांत पाच माणसांचं घर चालवायचं आणि त्यात सिलिंडरवाला दारात येऊन एका फटक्यात साडेआठशे-नऊशे रुपये मागतो, तेव्हा "गॅस जपून वापरा" हा सल्ला ऐकून कोणाच्याही डोक्यात तिडीक जाईल. गरीब घरातली बाई गॅस आधीच जपून वापरत असते. तिचे पैसे बहुतेक वेळा शेगडीपर्यंत पोचायच्या आधीच गळतात: मिळू शकणारं अनुदान भलत्याच खात्यात जातं, डिलिव्हरीच्या वेळी पन्नास रुपये वर जातात, सिलिंडर एक-दीड किलो हलका येतो. म्हणून या लेखाचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी सरकारकडून येणारे पैसे, मग एजन्सीपाशी होणारी गळती, आणि स्वयंपाकघर शेवटी.

भाव कोण ठरवतं

देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून बराच जास्त गॅस बाहेरून येतो. त्याची किंमत सौदी अरामको कंपनी दर महिन्याला जाहीर करते त्या दराशी आणि डॉलरच्या भावाशी बांधलेली असते. घरगुती सिलिंडर त्या दराच्या मानाने किती चढवायचा, हे मात्र सरकार आणि तेल कंपन्या ठरवतात. मुंबईत हा सिलिंडर २०२३ च्या ऑगस्टपर्यंत अकराशेच्या वर होता. त्या महिन्याच्या शेवटी तो २०० रुपयांनी उतरला, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० नी, आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० नी पुन्हा चढून ८५२ रुपये ५० पैशांवर गेला. पुढचे सगळे हिशेब मी याच भावाने केले आहेत. तुमच्याकडचा आजचा भाव वेगळा असेल तर तो घालून आकडे पुन्हा मांडा, रीत तीच राहते. वाहतुकीमुळे जिल्ह्याजिल्ह्यात भावात फरक पडतो, त्यामुळे मुंबईचा भाव दाखवून गडचिरोलीच्या एजन्सीशी भांडू नका.

एक सवय मात्र आजपासून लावा. सिलिंडरचा भाव किलोवर आणून बघायचा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. ८५२.५० ला १४.२ ने भागलं की साधारण ६० रुपये किलो. तूरडाळ-तेलाचा भाव जसा आपण किलोवर बोलतो तसा गॅसचाही बोलायला लागलो की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिली पायरी: तुमच्या नावावर काय निघतं ते बघा

*उज्ज्वला.* ही केंद्राची योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये आला. जोडणी घरातल्या सज्ञान बाईच्या नावावर मिळते आणि घरात दुसरी कुठलीच गॅसजोडणी नसावी लागते. सिलिंडर-रेग्युलेटरची अनामत भरावी लागत नाही. दुसऱ्या टप्प्यात पहिला भरलेला सिलिंडर आणि शेगडीही फुकट दिली गेली. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर परगावी राहणाऱ्यांसाठी यातली सर्वात मोलाची सोय म्हणजे रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याच्या जागी स्वतःचं घोषणापत्र चालतं. अर्ज जवळच्या एजन्सीत किंवा उज्ज्वलाच्या संकेतस्थळावर करता येतो. नव्या जोडण्यांचा कोटा टप्प्याटप्प्याने खुला होतो, त्यामुळे एकदा "सध्या बंद आहे" असं ऐकून गप्प बसू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारा, आणि पहिल्या एजन्सीच्या उत्तरावर समाधान नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या एजन्सीतही जा.

उज्ज्वलाच्या सिलिंडरवर ३०० रुपये अनुदान आहे. २०२५-२६ या वर्षासाठी ते नऊ सिलिंडरपर्यंत मंजूर झालं, त्याआधी मर्यादा बाराची होती. म्हणजे ८५२ चा सिलिंडर ५५२ ला पडतो आणि किलोला ३९ रुपये. सरकारी आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये उज्ज्वलाच्या घरांनी वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपास सिलिंडर घेतले. तेव्हा मुभा बाराची होती, तरी सरासरी निम्म्यालाही पोचली नाही. कारण सरळ आहे. ३०० रुपये नंतर येतात, ८५२ आधी मोजावे लागतात. या अडचणीवरचा उपाय तिसऱ्या पायरीत आहे.

*मुख्यमंत्री अन्नपूर्णा.* ही महाराष्ट्र सरकारची योजना, शासन निर्णय जुलै २०२४ चा. वर्षाला तीन सिलिंडर मोफत. उज्ज्वलाच्या लाभार्थी यात येतात आणि लाडकी बहीण योजनेत पात्र ठरलेल्यांची कुटुंबंही येतात. नियम नीट वाचा, कारण अर्ज याच ठिकाणी अडकतात:

- जोडणी बाईच्या नावावर हवी. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर आधी एजन्सीत नाव बदलून घ्या.
- लाभ एका रेशनकार्डामागे एकाच बाईला. १ जुलै २०२४ नंतर वेगळी केलेली कार्डं यासाठी धरली जात नाहीत.
- एका महिन्यात एकाच सिलिंडरचे पैसे मिळतात. वर्षअखेरीला तीन एकदम उचलून चालत नाही.
- फक्त १४.२ किलोचा सिलिंडर चालतो, लहान नाही.

"मोफत" असं म्हटलं तरी पैसे आधी तुम्हीच भरायचे आणि ते नंतर खात्यात यायचे, अशी पद्धत आहे. योजना आखताना सिलिंडरचा भाव ८३० धरला होता, त्यामुळे भाव वर गेला की वरचे पैसे आपल्याच खिशातून जातात. उज्ज्वलाच्या बाईला ३०० केंद्राकडून आणि उरलेले ५३० राज्याकडून, असे दोन वेगवेगळे जमा दिसतात. एकच जमा दिसला तर दुसरा कुठे अडकलाय ते विचारायला हवं. यंदाच्या वर्षाचे पैसे कसे मिळतायत, हे सिलिंडर उचलण्याआधी एजन्सीत विचारून घ्या.

उज्ज्वलाही नाही आणि लाडकी बहीणही नाही, अशा साध्या ग्राहकाच्या खात्यात २०२० च्या मध्यापासून अनुदान म्हणून जवळजवळ काही येत नाही. "माझी सबसिडी बंद का झाली" म्हणून खेटे घालणारी पुष्कळ माणसं याच गटातली असतात. त्यांनी त्यात दिवस घालवण्यापेक्षा घरातल्या बाईच्या नावावर जोडणी करून अन्नपूर्णात बसता येतंय का, ते बघितलेलं बरं.

दुसरी पायरी: अनुदान आलं नाही तर ते कुठे गेलं, हे शोधा

एजन्सीवाला म्हणतो बँकेत विचारा, बँक म्हणते एजन्सीत विचारा. या फेऱ्यांत एक-दोन दिवसांची मजुरी बुडते आणि अनुदानातले ३०० तिथेच संपतात. म्हणून पुढचा क्रम पाळा.

आधी आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते पाहा. अनुदान तुम्ही एजन्सीत दिलेल्या खाते क्रमांकावर जातंच असं नाही. थेट लाभाचे पैसे आधार ज्या खात्याला सर्वात शेवटी जोडलं गेलं, त्या खात्यात जातात. कोणी बचत गटाच्या कर्जासाठी खातं उघडतं, कोणी मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी, आणि तिथे फॉर्मवर सही करताना आधारची जोडणी बदलून जाते. मग जुन्या पासबुकावर महिनोन्‌महिने काही दिसत नाही. 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव कळतं. मोबाइलवर जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रात विचारा. घरात किती बँकांची पासबुकं आहेत ती सगळी गोळा करून भरून आणा. कित्येकांचे पैसे विसरलेल्या खात्यात पडून असतात.

मग ते खातं चालू आहे का ते बघा. दोन वर्षं कोणताच व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. बँकेत केवायसीची मुदत संपली तरी पैसे अडकू शकतात. आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा: खातं साधं बचत खातं असेल आणि त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत असेल, तर दंडाची कपात त्या ३०० लाच खाते. असं खातं जनधनसारख्या शून्य शिल्लकीच्या खात्यात बदलून मागा. बँकेत हा अर्ज एका पानाचा असतो.

त्यानंतर गॅसची ई-केवायसी. उज्ज्वलाच्या ग्राहकांना बोटाचा ठसा किंवा चेहरा देऊन आधार-पडताळणी करून घ्यावी लागते आणि आता ती दरवर्षी करायची आहे. हे एजन्सीत किंवा कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवर होतं. यासाठी एक पैसाही लागत नाही. ई-केवायसीच्या नावाखाली नवी नळी किंवा शेगडी तपासणीची पावती फाडत असतील तर सरळ नाही म्हणा. नारिंगी सुरक्षा नळीला पाच वर्षं झाली असतील तर ती बदलायलाच हवी, पण त्याचा ई-केवायसीशी काही संबंध नाही.

एवढं झाल्यावर १७ आकडी एलपीजी आयडी हाताशी ठेवा. तो पावतीवर किंवा गॅसच्या पुस्तकावर असतो. तिन्ही कंपन्यांच्या सामाईक 'माय एलपीजी' संकेतस्थळावरून कुठल्या सिलिंडरचं अनुदान कधी आणि कुठल्या बँकेत गेलं, ते कळतं. तिथली नोंद हातात असली की बँकेतला माणूस टोलवाटोलवी करू शकत नाही.

तिसरी पायरी: साडेआठशे एकदम कुठून आणायचे

गरीब घराचा खरा अडसर हाच आहे, आणि योजना आखणाऱ्यांच्या तो फार उशिरा लक्षात येतो. रोजंदारीच्या घरात पैसा रोज येतो आणि रोज जातो, सिलिंडर मात्र रोज थोडा थोडा विकत मिळत नाही. तीन उपाय आहेत, ज्याला जो जमेल तो करावा.

पहिला उपाय गॅसच्या भिशीचा. गल्लीतल्या किंवा गटातल्या सहा बायकांनी आठवड्याला १५० रुपये काढायचे. ९०० जमतात, त्या आठवड्यात एकीचा सिलिंडर येतो. सहा आठवड्यांनी, म्हणजे ४२ दिवसांनी पुन्हा तिचा नंबर लागतो. चार-पाच माणसांच्या घरात सिलिंडर साधारण तेवढाच पुरतो, म्हणून सहा हा आकडा. दहा जणींची भिशी केली तर नंबर सत्तर दिवसांनी येईल आणि मध्ये गॅस संपेल. पहिला नंबर कोणाचा, ते ज्याच्या सिलिंडरला सर्वात जास्त दिवस झालेत त्यावरून ठरवा, चिठ्ठ्या टाकू नका.

दुसरा, अनुदानाला हात न लावणं. उज्ज्वलाच्या खात्यात तीन सिलिंडरचे ९०० जमले की चौथा सिलिंडर त्यातूनच येतो. बोलायला सोपं आहे, हे मला कळतं. पण ज्या खात्याचं एटीएम कार्ड घरात नाही त्या खात्यात हे पैसे टिकतात, एवढं खरं.

तिसरा, पाच किलोचा सिलिंडर. उज्ज्वलाच्या ग्राहकाला १४.२ किलोचा सिलिंडर देऊन पाच किलोचा घेता येतो. एका वेळचा खर्च तीनशेच्या घरात येतो, अनुदान वजनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १०५ रुपये मिळतं. मात्र अन्नपूर्णाचे तीन मोफत सिलिंडर १४.२ किलोवरच आहेत, हे विसरू नका. अन्नपूर्णा मिळत असेल तर मोठाच ठेवा.

पेट्रोलपंपावर आणि किराणा दुकानात 'छोटू', 'अप्पू', 'मिनी' अशा नावांनी मिळणारा पाच किलोचा सिलिंडर वेगळा. तो नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्ता लागत नाही, पण त्यावर अनुदान नाही आणि किलोला तो घरगुतीपेक्षा बराच महाग पडतो. चार महिन्यांसाठी शहरात कामाला आलेल्यांना तो ठीक आहे. गल्लीत लहान टाक्यांत मोठ्या सिलिंडरमधून गॅस भरून विकणारा मात्र टाळा. ते बेकायदा आहे, वजनाचा पत्ता नसतो, आणि अशा दुकानांत स्फोट होऊन माणसं गेलेली आहेत.

सिलिंडरसाठी खासगी सावकाराकडे जाऊ नका. बचत गटात असाल तर अंतर्गत कर्ज मागा. ते काही शेकड्यांचंच असतं आणि बहुतेक गटांत व्याज शेकडा एक-दोन रुपयांत बसतं.

चौथी पायरी: दारात सिलिंडर आला की

१. बुकिंगच्या मेसेजमधली किंवा पावतीवरची रक्कम बघा आणि तेवढीच द्या. घरपोच देण्याचा खर्च त्या किमतीतच धरलेला असतो, मजला कितवाही असो. पोरगा तीन जिने सिलिंडर खांद्यावर घेऊन येतो, त्याला स्वखुशीने दहा रुपये दिले तर ती तुमची माणुसकी. पण "तीस रुपये वरचे" असा दर कोणी लावत असेल तर तो त्याचा हक्क नाही. गोदामावर जाऊन सिलिंडर स्वतः आणला तर पावतीतून डिलिव्हरीची रक्कम कमी व्हायला हवी, ती मागून घ्या. शेजारच्या तिघांनी मिळून एक रिक्षा केली तरच हे परवडतं.

२. वजन करा. सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं, समजा १५.९ किलो. त्यात १४.२ मिळवा: ३०.१. काट्यावर एवढं दिसलं पाहिजे. दीडशे ग्रॅम इकडे-तिकडे चालतं, त्याहून कमी भरला तर घेऊ नका. काटा बरोबर आणणं डिलिव्हरीवाल्यावर बंधनकारक आहे. "गाडीत राहिला" हे उत्तर नेहमीचंच आहे, तेव्हा "आण, मी थांबते" म्हणायचं. एक किलो कमी म्हणजे ६० रुपये, आणि ते कोणत्याच पावतीवर दिसत नाहीत.

३. सील शाबूत आहे ना, आणि पट्टीवरचा अक्षर-आकडा बघा. 'बी-२७' म्हणजे त्या टाकीची पुढची तपासणी २०२७ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत. 'ए' म्हणजे पहिली तिमाही, 'डी' शेवटची. तारीख उलटून गेलेली टाकी परत करा.

४. मोबाइलवर आलेला डिलिव्हरीचा कोड सिलिंडर हातात आल्यावरच सांगा. आधीच कोड घेऊन तुमच्या नावावरचा सिलिंडर परस्पर हॉटेलला गेला, तर तुमच्या अनुदानाच्या सिलिंडरांतला एक संपला. एजन्सीत नोंदवलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर तो आधी बदला.

नवी जोडणी घेताना शेगडी, साबण, चहापत्ती गळ्यात मारण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. बाजारातून आयएसआय शिक्क्याची शेगडी आणली तरी जोडणी द्यावीच लागते.

पाचवी पायरी: अंघोळीचं पाणी

स्वयंपाकाच्या आधी हे घेतो, कारण घरातला गॅस सगळ्यात जास्त कुठे जातो असं विचारलं की बायका भाकरी म्हणतात. हिशेब वेगळंच दाखवतो. पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला, भांड्याभोवतीने वाया जाणारी आच धरून, साधारण ५० ग्रॅम गॅस लागतो. चार माणसांचे २०० ग्रॅम. महिन्याचे सहा किलो. म्हणजे सिलिंडरचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग आणि ३६० रुपये नुसत्या अंघोळीवर.

म्हणून गॅस वाचवायचाच असेल तर पहिला घाव इथे घाला. उन्हाळ्यात गरम पाणी लहान मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं यांच्यापुरतं ठेवा. काळा प्लास्टिकचा ड्रम किंवा काळा रंग दिलेली घागर सकाळपासून पत्र्यावर उन्हात ठेवली तर संध्याकाळी कामावरून आलेल्याला अंघोळीपुरतं कोमट पाणी मिळतं. अंगण असेल तर जुना बंब पुन्हा काढा. करवंट्या, तुराट्या, पऱ्हाट्या, कणसाची बुरकुंडं, सगळं त्यात जळतं. बंब उघड्यावरच हवा. बंद खोलीत चूल पेटवून वाचवलेले पैसे पुढे डॉक्टरकडे जातात, आणि धूर पोरांच्या छातीत जातो तो वेगळाच.

खोलीत राहणाऱ्यांना यातलं फारसं करता येत नाही. त्यांनी निदान पातेल्यावर झाकण ठेवावं, थोडंच पाणी कडकडीत करून बादलीत विसण घालावं आणि बादली निम्मी करावी.

सहावी पायरी: शेगडी आणि भांडी

आच निळी हवी. पिवळी दिसली, भांड्याची बुडं काळी व्हायला लागली, की बर्नरची भोकं बुजलीयत. बर्नर सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून टाचणीने साफ करा. तरी पिवळीच राहिली तर आतला जेट साफ करून घ्या. आच भांड्याच्या बाजूंनी वर येत असेल तर ती हवेला तापवतेय. लहान बर्नर मोठ्यापेक्षा सहा ते दहा टक्के कमी गॅस खातो, असं पेट्रोलियम संवर्धनाचं काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था सांगते. दोन-तीन माणसांचा स्वयंपाक त्याच्यावर होतो.

कुकरच्या बाबतीत शिट्ट्या मोजायची सवय महागात पडते. प्रत्येक शिट्टी म्हणजे तापवलेली वाफ बाहेर. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि पुढे घड्याळ बघा. अर्धा तास भिजवलेल्या तुरीला आठ-दहा मिनिटं पुरतात. डाळ, भात आणि बटाटे एकाच वेळी डब्यांत लावा. रबर सैल झालं असेल तर नवीन घ्या, तो खर्च लगेच वसूल होतो. हरभरा, चवळी, वाटाणा, राजमा रात्री भिजवल्याशिवाय लावूच नका.

भाकरी करताना पीठ, पाणी, परात सगळं हाताशी घेऊन मगच तवा ठेवा आणि मध्ये उठू नका. जाड लोखंडी तवा एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो, म्हणून शेवटची भाकरी टाकल्यावर आच बंद केली तरी तिची एक बाजू निघते.

आता एक जुनी युक्ती, तिला मी वरचा नंबर देईन. भात जाड बुडाच्या पातेल्यात झाकण लावून पाच मिनिटं उकळू द्या, मग गॅस बंद करून पातेलं गोधडीत चहूबाजूंनी घट्ट गुंडाळा आणि पाऊण तास उघडू नका. भात मोकळा शिजतो, करपत नाही, आणि तेवढ्या वेळात बाईला दुसरं काम करता येतं. पातेलं जितकं भरलेलं तितकं चांगलं. मूठभर भाताला हे जमत नाही. असं शिजवलेलं अन्न दिवसभर गुंडाळून ठेवू नका, लगेच जेवा.

सिलिंडर संपत आला की आडवा करणं किंवा गरम पाण्यात बसवणं ही धोक्याची खोड आहे. किती उरलाय ते बघायचं असेल तर ओलं फडकं टाकीवर उभं फिरवा. गॅस असतो तेवढा भाग उशिरा वाळतो.

या सगळ्याचा उपयोग झाला की नाही, हे कळायला भिंतीवरच्या कालनिर्णयावर सिलिंडर लावल्याची तारीख लिहा. १४,२०० ग्रॅमला दिवसांनी भागा. ३५ दिवस पुरला तर रोजचे ४०५ ग्रॅम, ४५ दिवस पुरला तर ३१५. पुढचा सिलिंडर अचानक लवकर संपला तर आधी वजनावर संशय घ्या, घरच्या बाईवर नको.

इंडक्शन घ्यावं का?

हा प्रश्न आता सगळीकडे विचारला जातो आणि उत्तर घराघरात वेगळं आहे. एक किलो गॅसचं काम इंडक्शन साधारण नऊ युनिट विजेत करतं. ६० रुपये किलोच्या गॅसला तोडीस तोड म्हणजे साधारण साडेसहा रुपये युनिट. महावितरणच्या बिलात पहिली शंभर युनिटं स्वस्त असतात आणि पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो. तेव्हा तुमचं बिल साठ-सत्तर युनिटांचं असेल तर शंभरापर्यंतची जागा इंडक्शनला वापरा, चहा-दूध-डाळ त्यावर होऊ द्या. बिल आधीच शंभराच्या वर असेल तर गॅसच स्वस्त. उज्ज्वलाच्या घरात तर किलो ३९ ला पडतो, त्याला तोड द्यायला वीज सव्वाचार रुपयांत मिळायला हवी. आणि भाड्याच्या खोलीत मालक सबमीटरवर आपल्या दराने युनिट लावत असेल तर विचारच सोडा. वायरिंग जुनं असेल तर त्याची तपासणी आधी, इंडक्शन नंतर.

गावाकडे चार-पाच जनावरं असतील तर हिशेब पार बदलतो. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं आणि त्यातून दिवसाला पाऊण किलोहून जास्त एलपीजीइतका गॅस मिळतो. पाच माणसांचा स्वयंपाक भागून उरतो, वर शेतात टाकायला स्लरी मिळते. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा. अडचण पाण्याची आहे. शेणाइतकंच पाणी रोज लागतं, मार्च ते जून टँकरवर जगणाऱ्या गावात हे चालत नाही.

शहरात पुनर्वसन इमारतीत पाइपगॅस आला असेल तर तो घ्या. गॅसचे पैसे आधी भरावे लागत नाहीत, वापराचं बिल नंतर येतं, आणि वजनाचा प्रश्नच मिटतो.

तक्रार कुठे करायची

आधी एजन्सीच्या तक्रारवहीत लेखी नोंद करा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढा. नुसतं काउंटरवर बोलून आलात तर ते झालंच नाही असं धरा. तिथे काही हललं नाही तर तिन्ही कंपन्यांचा सामाईक फोन १८००-२३३३-५५५, उज्ज्वलासाठी १८००-२६६-६६९६. दोन्ही फुकट आहेत. वजनात फसवणूक असेल तर तालुक्याच्या वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) निरीक्षकाकडे अर्ज द्या. वजनकाट्याच्या बाबतीत एजन्सीला कंपनीपेक्षा या खात्याची भीती जास्त असते. अन्नपूर्णाचा राज्याचा हिस्सा अडला असेल तर तहसीलमधली पुरवठा शाखा गाठा, सोबत रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक आणि भरलेलं पासबुक न्या. ग्राहक म्हणून कुठेच दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. एजन्सीची वागणूकच नको झाली असेल तर त्याच भागातल्या दुसऱ्या एजन्सीकडे जोडणी हलवता येते.

गळतीचा वास आला तर मात्र यातला कुठलाच क्रम नको. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन करा.